तापात सांधे दुखतातच

मंगळवार, 19 नोव्हेंबर 2019. रात्री 11 वाजता जळगावातल्या एका खासगी दवाखान्यात माझ्या मायचा उजवा गुडघा दुसऱ्यांदा उघडला. चौदा महिन्यांपूर्वी धुळ्यात तो बदलला होता. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती, टाके सुकले होते, आणि त्या वर्षीच्या श्रावणात माय काठीशिवाय कानबाई देवीसोबत नदीपर्यंत चालत गेली होती.

पुढे मी त्या चार दिवसांचा तास न् तास जुळवला. फोनमधले कॉल, औषधांची बिलं, केसपेपरवरच्या नोंदी, वहिनीची आठवण. यातला एकही माणूस वाईट नव्हता. प्रत्येकाने मायसाठी काहीतरी केलं. पण जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं, माझ्याही.

शुक्रवार, रात्री 11. उरले 96 तास

पारोळा तालुक्यातलं आमचं गाव. ऑक्टोबरभर अवकाळी पाऊस झालेला, बोंडं झाडावरच काळी पडलेली. जो कापूस वाचला तो वेचायला मजूर मिळेना, म्हणून सदुसष्ट वर्षांची माय आठ दिवस सुनेबरोबर शेतात जात होती. राज्यात राष्ट्रपती राजवट लागून तीन दिवस झाले होते. भाऊ टीव्हीसमोर बसून सरकार कुणाचं येतं ते ऐकत होता.

माय आतल्या खोलीतून म्हणाली, "माले थंडी वाजी ऱ्हायनी." वहिनीने एक गोधडी टाकली, मग दुसरी. दात वाजत होते. अर्ध्या तासाने थंडी गेली आणि अंग तापलं.

ही थंडी म्हणजे रक्तात जंतू सुटल्याची पहिली खूण होती. मायला पंधरा वर्षांपासून साखरेचा आजार. तळव्यांना फारसं कळत नाही, टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा. त्या आठवड्यात कधीतरी पऱ्हाटीचं खुंट टाचेत गेलं असावं. टाच जरा सुजली होती, तिने हळद भरली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही.

टाचेतून रक्तात शिरलेले जंतू बहुतेकदा शरीर मारून टाकतं. यकृत आणि प्लीहा रक्त गाळत असतात, पांढऱ्या पेशी उरलेल्यांना खातात. पण ज्याच्या शरीरात धातूचा सांधा आहे त्याचा हिशेब वेगळा. 1957 मध्ये इंग्लंडमध्ये एलेक आणि कोनेन या संशोधकांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांच्या कातडीत स्टॅफिलोकॉकस हे जंतू टोचून पाहिले. साध्या कातडीत पू व्हायला काही दशलक्ष जंतू लागले. त्याच जागी टाक्याचा धागा ठेवला तेव्हा काही शेकडा पुरले. एका धाग्याने एवढा फरक पडला. गुडघ्यात तर मूठभर धातू, प्लास्टिक आणि सिमेंट असतं. त्यांच्यात रक्तवाहिनी नाही, त्यामुळे तिथे पहारा देणारी पेशी रक्तातून थेट पोचत नाही.

शनिवार, पहाटे 5. उरले 90 तास

माय उठून चुलीपाशी आली. ताप उतरला होता. वहिनीला म्हणाली, गुडघा भरल्यासारखा वाटतो. वहिनीने मोहरीचं तेल कोमट करून मालिश केली आणि तव्यावर मीठ गरम करून पुरचुंडीने शेक दिला. आमच्याकडे गुडघ्याला हेच करतात. वहिनीने ते पाऊण तास केलं. तिला मी कधी दोष दिला नाही, आणि कुणी देऊ नये.

शनिवार, सकाळी 10. उरले 85 तास

पुन्हा थंडी. भाऊ तिला मोटरसायकलवर मागे बसवून गावच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. कार्तिकात खानदेशात ताप म्हटलं की डेंग्यू किंवा मलेरिया, त्या वर्षी तर पाण्याची डबकी कापसाच्या सरींतही होती. डॉक्टरांनी जीभ पाहिली, छाती तपासली, ताप मोजला. मायने सांगितलं की गुडघाही दुखतो. डॉक्टर म्हणाले, "तापात सांधे दुखतातच, आजी."

खरंच दुखतात. म्हणून तर हे वाक्य इतकं घातक. साध्या तापात दोन्ही गुडघे दुखतात, मनगटं, पाठ, सगळं अंग दुखतं. मायचा एकच गुडघा दुखत होता, आणि तोही बदललेला.

एक इंजेक्शन, पाच दिवसांच्या गोळ्या, त्यांत एक प्रतिजैविक. रक्ताची चिठ्ठी लिहून दिली.

त्या प्रतिजैविकाबद्दल मला थांबून सांगायचं आहे, कारण ते सगळ्यात चांगल्या हेतूने दिलेलं होतं आणि त्यानेच पुढे सगळ्यात जास्त अंधार केला. बदललेल्या सांध्यात संसर्गाची शंका असेल, तर आधी सुईने सांध्यातलं पाणी काढून तपासायला पाठवायचं, रक्ताचे नमुने घ्यायचे आणि मग औषध, असा नियम आहे. रोगी गंभीर असला तरी नमुने घेण्याला मिनिटं लागतात, तेवढी काढता येतात. उलट क्रमाने गेलं तर औषध रक्तातले थोडे जंतू मारतं, ताप उतरवतं, आणि सांध्यातले जंतू तसेच ठेवून त्यांची ओळख पुसून टाकतं. प्रयोगशाळेत मग काही उगवत नाही. सांधा पिकत असतो आणि कागदावर काही नसतं.

शनिवार, संध्याकाळी 7. उरले 76 तास

ताप उतरला. माय दोन घास कळण्याची भाकरी जेवली. मी जळगावहून फोन केला. भाऊ म्हणाला, उतार आहे. मायला फोन दिला. ती म्हणाली, "बरं शे. गुडघा ठणकस."

मी म्हणाले, "माय, तापात सांधे दुखतातच. गोळी घे, झोप."

हा कॉल तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा होता. फोनमध्ये तो अजून आहे.

रविवार, सकाळी 9. उरले 62 तास

गुडघा सुजला होता. वाटी दिसत नव्हती. वहिनी सांगते, जुन्या व्रणाच्या दोन्ही बाजूंची कातडी ताणून चकाकत होती आणि हात ठेवला तर भाकरी उतरवल्यावर तवा जसा लागतो तशी ऊब लागत होती. डावा गुडघा गार होता. तिने हे भावाला सांगितलं. भाऊ म्हणाला, काल मालिश केली म्हणून असेल.

ज्या क्षणी घरातल्या एका माणसाच्या हाताला खरी गोष्ट लागली तो हा क्षण. वहिनी दहावीपर्यंत शिकली आहे. तिच्या हाताने अचूक निदान केलं होतं: एक गुडघा गरम, दुसरा गार.

कपाटात सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत धुळ्याच्या दवाखान्याचा डिस्चार्ज कागद होता. त्यावर खाली लिहिलं होतं की ताप, सूज, लाली, पाणी येणं यांपैकी काही झालं तर ताबडतोब संपर्क करा. कागद इंग्रजीत होता. मी तो वाचू शकत होते, पण मी साठ किलोमीटरवर होते आणि कागद कपाटात होता.

मायचा गुडघा बदलण्यापर्यंत गोष्ट कशी पोचली तेही सांगायला हवं. 2000 आणि 2001 साली अटलबिहारी वाजपेयींचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले, तेव्हा आमच्या गावात ही पंतप्रधानांच्या नशिबातली गोष्ट होती. 16 ऑगस्ट 2017 ला केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा दीड लाखाच्या घरातून 54,720 रुपये अधिक करावर आला. पुढच्या वर्षी, कानबाईचे रोट झाल्यावर, सप्टेंबरात माय धुळ्याला भरती झाली. हा निर्णय चांगला होता, आणि त्यामुळे माझी माय चालली. पण धातूचा सांधा खेड्यात पोचला, त्याची राखण कशी करायची ते ज्ञान त्याच्या मागे पोचलं नाही.

अशा शस्त्रक्रियेनंतर शंभरातल्या एक-दोघांना संसर्ग होतो. त्यातला बराचसा शस्त्रक्रियेच्या वेळी शिरतो. तो दरवाजा बंद करायला मोठी माणसं झटली. सर जॉन चार्नली यांनी इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात 1960 च्या दशकात शस्त्रक्रियेची हवाच गाळून घेतली, अंगभर बंद कपडे आणले, आणि खुब्याच्या सांध्यातला संसर्ग सात-आठ टक्क्यांवरून एक टक्क्याच्या खाली नेला. धुळ्यातही मायच्या वेळी ही सगळी काळजी घेतली गेली होती. दुसरा दरवाजा मात्र रोगी घरी गेल्यावर उघडा राहतो आणि तो मरेपर्यंत उघडा असतो. टाचेची भेग, किडका दात, लघवीचा संसर्ग, पिकलेलं गळू, यांतल्या कुठूनही जंतू रक्ताच्या वाटेने त्या सांध्यावर जाऊन बसू शकतो. चौदा महिन्यांनी, चौदा वर्षांनीही.

रविवार, रात्री 10. उरले 49 तास

ताप 103. माय बरळली, वडिलांना हाक मारली. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती.

सोमवार, दुपारी 12. उरले 35 तास

गाडी ठरली. गावाच्या फाट्यावर महामार्ग लागतो. एका हाताला धुळं, पस्तीसेक किलोमीटर. दुसऱ्या हाताला जळगाव, साठ. धुळ्यात तिचा सर्जन होता, तिची फाईल होती, आत कोणत्या मापाचा सांधा बसवला आहे त्याची नोंद होती. जळगावात मी होते.

भावाने फाट्यावरून फोन केला, "कुठे नेऊ?"

मी म्हणाले, "इकडेच आण."

माझ्या डोक्यात ताप होता, डेंग्यू होता, प्लेटलेट होत्या, ओळखीचे फिजिशियन होते. गुडघा नव्हता. या चार दिवसांत मी एकच निर्णय घेतला आणि तो हा.

फागणे ते तरसोद चौपदरीकरण रखडलेलं. एरंडोलच्या अलीकडे गाडी अर्धा तास उभी राहिली. खड्डा आला की माय ओरडायची, पण हात कपाळावर नाही, गुडघ्यावर ठेवायची. हे भावाने मला नंतर सांगितलं.

सोमवार, दुपारी साडेतीन. उरले साडेएकतीस तास

भरती. सलाइन, रक्त, लघवी, छातीचा फोटो. अंगावर पायापर्यंत चादर. मी केसपेपरवर "मधुमेह" सांगितलं, "रक्तदाब" सांगितलं. गुडघा बदलला आहे हे सांगितलं का? कागदावर ते नाही. मी सांगितलं असं मला खूप दिवस वाटत होतं.

सोमवार, रात्री 9. उरले 26 तास

डेंग्यूचा अहवाल निगेटिव्ह. मलेरिया निगेटिव्ह. पांढऱ्या पेशी 21 हजार. डॉक्टरांनी प्रतिजैविक बदललं, जोराचं दिलं. सकाळी पोटाची सोनोग्राफी करू म्हणाले. ते ताप शोधत होते, आणि ताप चादरीखाली होता.

त्या रात्री त्या गुडघ्यात काय चाललं असावं ते मी नंतर वाचलं. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनचे सर्जन अलेक्झांडर ऑगस्टन यांनी 1880 च्या सुमारास गळवाच्या पुवात द्राक्षांच्या घडासारखे गोल जंतू पाहिले आणि ग्रीकमधल्या द्राक्षघडाच्या शब्दावरून त्यांना स्टॅफिलोकॉकस म्हटलं. अनुकूल जागा मिळाली तर हा जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतो. एकाचे दोन, दोनाचे चार, असं दहा तास चाललं तर एकाचे दहा लाख. शरीरात वेग कमी पडतो, पण गणिताची दिशा तीच.

संख्येपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्याचं घर. धातूवर तो काही मिनिटांत चिकटतो. मग स्वतःभोवती चिकट थर विणू लागतो. पाण्याच्या टाकीच्या आतून हात फिरवला की जी शेवाळी बुळबुळ लागते, तशी. या थराच्या आत तो सुस्तावतो, वाढ थांबवतो, आणि वाढणाऱ्या जंतूला मारणारी औषधं त्याच्यावर चालत नाहीत. रक्तातल्या जंतूला पुरणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट मात्रा तिथे लागते, आणि ती माणसाला देता येत नाही. अमेरिकन सर्जन अँथनी ग्रिस्टिना यांनी 1987 मध्ये याला पृष्ठभाग काबीज करण्याची शर्यत म्हटलं: धातूवर आधी शरीराच्या पेशी बसतात की जंतू. थर कोवळा असेपर्यंत धुऊन काढता येतो. जून झाला की सांधाच काढावा लागतो. दोहोंमध्ये फार दिवस नसतात.

म्हणजे शुक्रवारी रात्री 11 ला जे सुरू झालं ते एकट्या औषधाने कधीच आटोक्यात येणार नव्हतं. तिथे हात घालून धुणारा माणूस हवा होता, आणि तो लवकर हवा होता. आम्ही मात्र गोळ्या बदलत राहिलो.

बर्लिनच्या थेमिस्टोक्लिस ग्लुक या सर्जनने 1890 मध्ये हस्तिदंताचा बिजागरीसारखा गुडघा माणसाला बसवला होता. क्षयाने खाल्लेल्या सांध्यात. बसवणं जमलं. संसर्गाने तो हरला. सवाशे वर्षांनी धातू बदलला, सिमेंट आलं, प्रतिजैविकं आली, आणि माझ्या मायच्या बाबतीत भांडण त्याच जागी येऊन उभं राहिलं.

मंगळवार, सकाळी 6. उरले 17 तास

रात्रपाळीच्या सिस्टर अंग पुसायला आल्या. त्यांनी चादर बाजूला केली. गुडघा मांडीएवढा झाला होता, लाली पोटरीपर्यंत उतरली होती. त्यांनी व्रण पाहिला, हात ठेवला, काढला, डाव्या गुडघ्यावर ठेवला. मग मला विचारलं, "ताई, यांचा सांधा बदललेला आहे?"

मी हो म्हणाले.

"कुणी पाहिला का?"

त्या थांबल्या नाहीत. केसपेपरवर लाल शाईने एक ओळ लिहिली आणि निवासी डॉक्टरांना झोपेतून उठवायला गेल्या.

मंगळवार, दुपारी 1. उरले 10 तास

अस्थिरोगतज्ज्ञ दुसऱ्या दवाखान्यातून शस्त्रक्रिया आटोपून आले. कातडी निर्जंतुक करून सुई घातली. सिरिंज ओढली. सांध्यातलं पाणी फिकट पिवळं आणि पारदर्शक असतं, त्याच्यातून छापील अक्षर वाचता येतं. सिरिंजमध्ये आलं ते घट्ट, राखाडी-पिवळं. दुसरी सिरिंज, तिसरी. माय कण्हली आणि म्हणाली, "हलकं वाटनं."

त्यांनी मला बाहेर घेतलं. पहिला प्रश्न: थंडी पहिल्यांदा कधी वाजली? मी म्हणाले, शनिवारी. वहिनी मागून म्हणाली, "नाही ताई. शुक्रवारी रात्री अकरा. टीव्ही चालू होता." दुसरा प्रश्न: याआधी प्रतिजैविक दिलं? कोणतं? आम्हा तिघांपैकी कुणालाच नाव सांगता आलं नाही.

धुळ्याला फोन लावला. तिथल्या सर्जनने स्वतः उचलला. सांध्याची कंपनी, माप, आतल्या प्लास्टिकच्या चकतीची जाडी, सगळं दहा मिनिटांत सांगितलं आणि विचारलं, "मला शनिवारी का नाही कळवलं?"

चकती नाशिकहून मागवावी लागली.

मंगळवार, संध्याकाळी 5. उरले 6 तास

रक्तदाब 84 वर 50. लघवी कमी. भुलतज्ज्ञ म्हणाले, असं टेबलावर घेता येत नाही, आधी दाब वर आणू. अतिदक्षता विभाग. गळ्याच्या शिरेतून नळी.

मंगळवार, रात्री 8. उरले 3 तास

संमतीपत्र. भावाची सही थरथरली म्हणून मी केली. त्यात पाय काढावा लागण्याची शक्यताही छापलेली होती. चकतीची पेटी घेऊन निघालेला माणूस मालेगावच्या पुढे आला होता.

मंगळवार, रात्री 11. 0

जुन्याच व्रणावरून चीर गेली. पू दाबाखाली होता, तो उडाला, असं तज्ज्ञांनी नंतर सांगितलं. त्यांनी सुजलेलं अस्तर खरवडलं, चकती काढून टाकली, धातू घासला, कित्येक लिटर सलाइनने सांधा धुतला, नवी चकती बसवली. धातू हाडाला घट्ट होता, म्हणून तो ठेवून पाहू म्हणाले. असा धातू ठेवून पाहणं पुष्कळदा फसतं, हेही त्यांनी लपवलं नाही.

पुढचं थोडक्यात. माय नऊ दिवस अतिदक्षता विभागात होती. मूत्रपिंडं सावरली. गुडघ्यातल्या पुवातून काहीच उगवलं नाही, कारण तोवर तीन प्रतिजैविकं होऊन गेली होती. सहा आठवडे शिरेतून औषधं दिली ती अंदाजाने. जानेवारीत व्रणातून पुन्हा पाणी आलं. मग धातू काढला आणि जागेवर औषधी सिमेंटचा ठोकळा बसवला. तीन महिन्यांनी दुसरा सांधा बसवायचा बेत होता. मार्चमध्ये कोरोनाची टाळेबंदी आली. ठोकळा तसाच राहिला, आणि वर्षभरात मायने ठरवलं की आता आणखी चिरफाड नको.

अतिदक्षता विभागात तिसऱ्या दिवशी त्याच सिस्टरांनी तिची टाच साफ करताना भेगेतून चिमट्याने एक काडी काढली. पऱ्हाटीची, तांदळाच्या दाण्याएवढी. कापसाच्या बोळ्यावर ठेवून त्यांनी ती मला दाखवली.

मायचा पाय आता वाकत नाही. ती पलंगावर तो सरळ पसरून बसते. गावात आणखी चार बायकांचे गुडघे बदललेले आहेत. त्यांच्यातली कुणी तापाने आली की माय आधी तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत वर करायला लावते आणि एक हात एका गुडघ्यावर, दुसरा दुसऱ्यावर ठेवते. मागच्या पावसाळ्यात तिने एकीला तशीच गाडीत घालून धुळ्याला पाठवलं. मला फोनवर एवढंच सांगितलं, "एक गरम व्हता."